सातशे त्रेचाळीसावं वाक्य

१

बाबांचा आवाज वाचवायला आम्हाला तीन आठवडे मिळाले होते. एकवीस मार्चला नागपूरला ऑपरेशन होतं. त्यात गाठीसकट गळ्यातलं स्वरयंत्र काढून टाकणार, म्हणजे बावीस तारखेपासून देवमन या माणसाला आवाज नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं, की त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून कुठेतरी हाणावासा वाटला मला. मी माया, त्यांची एकुलती एक पोरगी. अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. माझा स्वभाव काही गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा एकतीस वर्षं बडनेरा स्टेशनावर अनाउन्सर होते. गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायची सवय त्यांना घरीही सुटली नाही. गॅसचा बुकिंग नंबर सांगायचा असला तरी ते आधी घसा साफ करत. एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. कंट्रोल रूमचा फोन आल्याशिवाय गाडीचं नाव तोंडातून काढायचं नाही, मग ती गाडी डोळ्यांसमोर प्लॅटफॉर्मला लागत का असेना. यावरून साहेबांशी त्यांचं दोनदा वाजलंही होतं.

आता असं करता येतं, की माणसाने आधी सोळाशे वाक्यं वाचून ठेवायची, त्यांवरून कॉम्प्युटर त्याचा आवाज शिकतो. पुढे माणूस टाइप करतो अन् कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलतो. वाक्यं मी अन् आईने मिळून एका वहीत लिहिली होती, आमच्या घरात खरोखर बोलली जातात ती. 'गिरणीवरून दळण आणलं का.' 'मले उगाच शहाणपणा शिकवू नको.' खालच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, अन् मार्चच्या उकाड्यात बाबा रोज दुपारी तिथे वाचायला बसू लागले. आधी वाक्याचा नंबर, सुटासुटा, मग वाक्य. पान संपलं की खाली सही.

चार वाजता माझं काम सुरू व्हायचं. अमरावतीच्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर लिनक्स ही सिस्टिम. खालच्याचं नाव मी 'बडनेरा' ठेवलं होतं, वरच्या माझ्या खोलीतल्याचं 'अकोला'. वर बसून खालच्यात लॉगिन करायचं, त्या दिवसाच्या फाईली वर ओढून घ्यायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

२

शनिवारी दुपारी अडीचला लाईट गेली अन् तीनला आली. बाबा वाचायला बसले. सातशे बेचाळीसावं वाक्य संपता संपता त्यांना ठसका लागला, अन् रुमालावर लाल डाग दिसला. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आता वाचन बंद. ऑपरेशनपर्यंत दोन शब्दसुद्धा जोरात नकोत.

म्हणजे सोळाशेपैकी सातशे बेचाळीस. तेवढ्यावर आवाज तयार होतो, पण तुटका, अडखळता. मी वर येऊन रडले, अन् मग चार वाजले म्हणून सवयीने कॉम्प्युटरसमोर बसले.

खालचा कॉम्प्युटर उत्तर देईना. नेहमीच्या नंबरावर हाक मारली, काही नाही. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाईट गेली की राउटर नव्याने सुरू होतो अन् घरातल्या मशीनना नवे नंबर वाटतो. नंबर माहीत नसला तर घरच्या नेटवर्कात नावाने पुकारायची सोय असते. 'बडनेरा कोण?' असं सगळ्यांना एकदम विचारलं जातं, अन् जो 'मी' म्हणेल त्याच्याशी जोडून मिळतं. तो खरंच तोच आहे का, हे विचारणारं मध्ये कोणी नसतं.

मी नावाने पुकारलं. लगेच उत्तर आलं, अन् त्यासोबत इशाराही. या मशीनची ओळख पूर्वीच्या ओळखीशी जुळत नाही, कोणीतरी दुसरंच तिच्या नावाने बोलत असू शकतं. लॅबमध्ये हा इशारा न वाचता पुढे जाणाऱ्या पोरांना मी इतकं झापते, की ती मला मागून काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. अन् त्या दिवशी मीच, डोळे पुसत, जपून ठेवलेली जुनी ओळख खोडली आणि 'हो' टाइप केलं.

पासवर्ड चालला. फोल्डर तोच. मी फाईली मोजल्या. सोळाशे.

३

आपली मोजणी चुकली, हे पहिलं मनात आलं. परत मोजल्या. मग रिकाम्या फाईली असतील म्हणून आकार पाहिले, तर सगळ्या भरलेल्या. शेवटी, हे मशीन कधीपासून चालू आहे ते विचारलं. तासाभरापूर्वीपासून, असं उत्तर यायला हवं होतं. उत्तर आलं, अकरा हजार तीनशे दिवस. म्हणजे जवळपास एकतीस वर्षं. अमरावतीत अकरा दिवस तरी सलग लाईट राहिली आहे का कधी?

खाली आले. बाबा पलंगावर पडले होते, आई त्यांना कोमट पाणी देत होती. मी खालच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. सातशे बेचाळीस. वहीत पाहिलं, तिथेही सातशे बेचाळीस. मी तो कॉम्प्युटर बंद केला अन् भिंतीतून पिनच उपटली.

"आता काय झालं वं?" आईने विचारलं.

"काही नाही. वायर गरम झाली."

वर आले. स्क्रीनवर बडनेऱ्याचं लॉगिन तसंच चालू होतं. मी यादी मागितली, यादी आली. ठीक आहे, शेजारच्या कोणाचं तरी मशीन आपल्या नेटवर्कात शिरलं असेल, नाव योगायोगाने तेच असेल. हे स्वतःलाच पटेना, तरी मी जिन्यातला राउटर बंद केला. दिवे विझले. आता माझा कॉम्प्युटर जगात कशालाच जोडलेला नव्हता.

मी परत मोजायला सांगितलं. क्षणाचाही उशीर न होता आकडा आला. सोळाशे.

बाहेर उन्हं होती, गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता.

४

हेडफोन लावून सातशे त्रेचाळीसावी फाईल मी वाजवली.

"सात, चार, तीन. चहात साखर कमी टाक."

बाबांचा आवाज होता. आजारातला खरखरीत नव्हे. मी शाळेत असताना बडनेऱ्याच्या पुलावर उभी राहून ऐकायचे, तो. भरलेला, स्वच्छ, कुठलीच घाई नसलेला. तो आवाज मी आठ महिन्यांनी ऐकत होते, त्यामुळे पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. मी तीच फाईल चारदा ऐकली.

पाचव्यांदा माझं लक्ष आवाजामागच्या जागेकडे गेलं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये गाद्यांमुळे शब्द तोंडातून निघतो अन् तिथेच संपतो. इथे शब्द लांब जात होता आणि थोड्या वेळाने परत येत होता. नऊशेव्या वाक्यात परत यायला जास्त वेळ लागत होता. हजाराव्यात त्याहून जास्त. बाराशेव्या वाक्यापासून तो परतच येईना. 'बाराही महिने तुमचं कुंथणं सुरूच' असं काहीतरी आईने लिहिलेलं वाक्य होतं, अन् ते बाबांच्या आवाजात निघून इतकं दूर गेलं की त्याला भिंतच लागली नाही.

मग हेडफोनचा आवाज वाढवून वाक्यानंतरची शांतता ऐकली, अन् कळलं की ती रिकामी नाही. तिथे माणसं होती. खूप लांब कोणीतरी खोकलं. एक लेकरू कुरकुरलं, त्याला कोणीतरी गप्प केलं. दीक्षाभूमीवर मी लहानपणापासून जाते, लाखांची गर्दी मला माहीत आहे. लाख माणसं गप्प बसली तरी त्या गप्प बसण्याचा एक आवाज असतो. हा त्याहून कितीतरी मोठा होता. त्याला काठच नव्हता. एवढी माणसं श्वास आवरून, चहात साखर किती टाकायची ते ऐकत होती.

मला हात जोडावेसे वाटले. कोणाला ते माहीत नव्हतं. सोळाशेवी फाईल मी वाजवली नाही.

५

रविवारी सकाळी मी बाबांना वर आणून हे सगळं ऐकवलं. चूक केली, हे आता कळतं. पण त्यांचा आवाज होता, त्यांच्यापासून लपवायचा अधिकार मला कोणी दिला होता?

ते तासभर डोळे मिटून ऐकत राहिले. हेडफोन काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"माहाच आवाज होय हा," ते कुजबुजले. "पन मी हे बोललो नाही अजून."

"कोण आहेत बाबा ते लोक?"

"मले काय माहीत. पन कसे ऐकून राहिले, पाह्य ना व. एकतीस वर्षं बोललो मी. लोक पंख्याकडे पाहात, बिस्किटाचे पुडे फोडत. आपली गाडी सोडून कोनी काही ऐकलं नाही." ते थांबले, पाणी प्यायले. "मंग ऑपरेशन कायले करू मी? येवढं बोलायचं बाकी आहे माहं. गळा कापल्यावर कसं बोलू?"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन नाही केलं तर फार तर सहा महिने. मी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, त्यांच्यासमोर रिपोर्ट आपटले. त्यांनी पुन्हा हेडफोन लावला.

माझा आरडाओरडा ऐकून आई वर आली. आई म्हणजे शालू, कमी बोलते, पण बोलली की समोरच्याला खुर्ची शोधावी लागते. तिने बाबांच्या कानावरून हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला, चार-पाच वाक्यं ऐकली आणि काढून ठेवला.

"लय लोक आहेत," ती म्हणाली. "मी कोठी आहे यात?"

बाबांनी मान वर केली.

"चहात साखर कमी टाक म्हणून राहिले तुमी. टाकनारी कोठी आहे? दळण आणलं का म्हणता. आणनारी कोठी आहे? येक बी उत्तर नाही यात. घरात मी तुमाले उत्तर दिल्याबिगर राहते का कधी?" तिने टेबलावरचा हेडफोन दूर सरकवला. "मी नाही तथी, म्हंजे तुमी मले सोडून गेले. ऑपरेशन नका करू. सहा महिन्यांत पोचसान तथी. मंग बोला किती बोलायचं ते."

ती खाली निघून गेली, अन् स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासल्याचा आवाज येत राहिला. मी बाबांना हळूच विचारलं, निदान या फाईली उतरवून घेऊ का, सोळाशेंवर तुमचा आवाज अगदी जसाच्या तसा होईल. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू.

"नाही," ते म्हणाले. "मी वाचलं नाही ते माहं नाही. सही नाही त्याच्यावर."

६

वीस तारखेला सकाळी अकराला नागपूरची गाडी दारात येणार होती. तोपर्यंत त्यांनी ऑपरेशनला ना हो म्हटलं होतं ना नाही. दहा वाजता ते एकटेच जिना चढून वर आले. धुतलेला पांढरा शर्ट, केस ओले.

"मले तथी बोलता येईन का?"

येत होतं. त्या मशीनला माईक असेल तर तिथलं इथे ऐकू येईल, अन् स्पीकर असेल तर इथलं तिथे वाजेल. दोन ओळींचं काम. दुसरी ओळ टाइप केली अन् माझ्या खोलीतल्या दोन छोट्या स्पीकरांमधून ती शांतता बाहेर आली. फाईलमधली नव्हे, त्या क्षणाची. खोली तीच होती, दहा बाय बाराची, वाळत घातलेले टॉवेल होते, पण मला उघड्यावर उभं असल्यासारखं वाटलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला.

बाबा नोकरीत बसून बोलायचे. त्या दिवशी माझ्या माईकसमोर उभे राहिले. एका हाताने गळा धरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." खरखरीत, फाटका आवाज होता, पण चाल तीच. "वाक्य क्रमांक सात, चार, तीन पासून, एक, सहा, शून्य, शून्य पर्यंत सर्व वाक्ये, रद्द करण्यात आली आहेत." त्यांनी श्वास घेतला. "प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे."

मग नियमाप्रमाणे तेच हिंदीत. शेवटच्या 'खेद है' ला आवाज पुरला नाही, नुसते ओठ हलले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातला तो शेवटचा शब्द, अन् तो मला ऐकू आला नाही.

मग तिकडची माणसं उठली.

याचं वर्णन मला नीट करता येणार नाही. आधी जवळचे उठले, मग त्यांच्या मागचे, अन् ते उठणं मागे मागे सरकत गेलं, इतकं दूर की मी मनात म्हणायचे आता संपलं, अन् त्याच्याही पलीकडून अजून उठल्याचा आवाज यायचा. कोणी तक्रार केली नाही, कोणी धक्काबुक्की केली नाही. पावलं फिरली अन् चालू लागली. पाऊण तास ती पावलं जात होती. मी खाली बसून रडत होते, अन् मला अजिबात वाईट वाटत नव्हतं. असलं काही ऐकायला मिळावं अशी मी कोण, एवढंच वाटत होतं.

खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. पावलं विरळ झाली, मग सुटी सुटी, मग संपली. आम्ही तिघंही ऐकत थांबलो. तिकडच्या माईकच्या अगदी जवळ कोणीतरी श्वास घेत होतं.

बाबांनी एक बोट वर केलं. एक जण थांबला होता.

आम्ही वाट पाहिली. तो गेला नाही, बोललाही नाही. गाडीवाला पुन्हा हॉर्न देऊ लागला. मी कनेक्शन बंद करायला हात पुढे केला, पण बटण दाबवेना, अन् त्या दोघांपैकी कोणीही दाब म्हणेना. शेवटी नुसते स्पीकर बंद केले, खोलीला कुलूप लावलं अन् निघालो. बाबा आपल्या पायांनी गाडीत जाऊन बसले.

७

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूश होते. बाबांच्या गळ्याला भोक होतं, त्यातून श्वास यायचा जायचा, अन् ते पाहायची सवय व्हायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुणेनेच पाटी मागितली अन् लिहिलं, 'तो एक जन गेला का?'

"गेला बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी पुसली. 'तुले खोटं बोलता येत नाही.' पुन्हा पुसली. या वेळी लिहायला बराच वेळ घेतला, मग पाटी माझ्याकडे फिरवली. मी वाचून आईला दाखवली. आई म्हणाली, "जाय. सांग त्याले."

पाचव्या दिवशी आई त्यांच्याजवळ थांबली अन् मी कपडे न्यायला अमरावतीला आले. भरदुपारी कुलूप काढलं. निघण्याआधी लावून ठेवलं होतं, त्याप्रमाणे सातशे बेचाळीस वाक्यांवरून आवाज तयार होऊन पडला होता. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत बडनेऱ्याचं लॉगिन तसंच चालू होतं. मी स्पीकर लावले. श्वास ऐकू आला. कोणीतरी या पायावरचा भार त्या पायावर घेतला. इतके दिवस ते उभंच होतं.

मी पाटीवरचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं अन् तिकडे पाठवलं. बाबांचा नवा आवाज, थोडा घोगरा, थोडा अडखळता, पहिल्यांदाच बोलला.

"बसून घ्या. मले तथी याले अजून टाईम आहे."

बराच वेळ काही झालं नाही. मग कापड सळसळलं, गुडघा कटकन वाजला, अन् तिकडे कोणीतरी खाली बसलं.